क्वालिटीची पट्टी

शिरूरच्या बाजारपेठेतल्या एखाद्या गच्चीवर किंवा दौंडच्या रेल्वे वसाहतीतल्या वरच्या मजल्यावर उभं राहिलं की एक गोष्ट लगेच नजरेत भरते. घरांची तोंडं वाटेल तिकडे असतात, पण डिशची तोंडं जवळपास एकाच अंगाला वळलेली असतात, आग्नेयेकडे. स्लॅबवरची असो, गोठ्याच्या पत्र्यावरची असो, नाहीतर ऊसतोड कामगारांच्या कोपीशेजारी बांबूला बांधलेली असो, तिचं बघणं ठरलेलं असतं. जुना फिटर तर नुसत्या कलावरून सांगतो, ही फ्री डिशची, ती टाटाची, पलीकडची डिश टीव्हीची. त्या काही अंशांच्या फरकात आणि त्याहूनही बारीक अशा अर्ध्या-पाऊण अंशांच्या फरकात या पुस्तिकेचा सगळा विषय मावलेला आहे.

ही पुस्तिका पान्हा खिशात घालून गच्चीवर चढणाऱ्या मुलांसाठी आहे, आणि खाली टीव्हीसमोर बसून ‘आलं, आलं, गेलं, परत फिरव’ असं ओरडणाऱ्या घरच्या माणसांसाठीही. दोघांनाही एकच गोष्ट सांगायची आहे. पडद्यावर चित्र आलं म्हणजे डिश नीट लागली, असं होत नाही. चित्र फक्त एवढंच सांगतं की या घडीला काम चालून गेलं. ते किती जोरावर चाललंय, पावसाची सर आली तर टिकेल का, वाऱ्याने डिश बोटभर हलली तर काय होईल, याचं उत्तर चित्रात नसतं. ते सेट-टॉप बॉक्सच्या मेन्यूमध्ये दोन पट्ट्यांपैकी खालच्या पट्टीत असतं. वरच्या पट्टीवर ‘स्ट्रेन्थ’ लिहिलेलं असतं, खालच्या पट्टीवर ‘क्वालिटी’. बहुतेकांचा जीव वरच्या पट्टीत अडकतो.

पूर्वी अशी वेगळी पट्टी लागत नव्हती, कारण चित्र हेच मोजमाप होतं. सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा उभा राहिला आणि शिरूर-दौंड या दोन तालुक्यांत घरोघरी ॲल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेना लागले. तेव्हा सगळ्यांची तोंडं पश्चिमेकडे किंवा नैऋत्येकडे, सिंहगडाच्या रोखाने असत. दौंडपासून तो मनोरा बराच लांब, त्यामुळे अँटेना उंच पाइपावर चढवायचा आणि एकाने तो हळूहळू फिरवायचा. पडद्यावरच्या मुंग्या कमी-जास्त होत. जितक्या मुंग्या कमी तितका सिग्नल चांगला, हे लहान पोरालाही कळत असे. पुढे १९९१ साली एशियासॅट-१ उपग्रहावरून स्टारच्या वाहिन्या आणि १९९२ च्या ऑक्टोबरात झी टीव्ही सुरू झाल्यावर केबलवाल्यांच्या गच्च्यांवर आठ-आठ, बारा-बारा फुटांच्या जाळीच्या छत्र्या आल्या. तो उपग्रह १०५.५ अंश पूर्वेला होता, त्यामुळे त्या छत्र्या आजच्या डिशपेक्षा पूर्वेकडे अधिक वळलेल्या असत. तिथेही अ‍ॅनालॉग चित्र होतं. सिग्नल कमी पडला की चित्रात काळे-पांढरे ठिपके उडायला लागत आणि केबलवाला समजून जाई. चित्र हळूहळू बिघडत असे, आणि त्या हळूहळू बिघडण्यातूनच माणसाला वेळीच इशारा मिळत असे.

१६ डिसेंबर २००४ रोजी डीडी डायरेक्ट प्लस, म्हणजे आजची डीडी फ्री डिश, सुरू झाली. त्याआधी वर्षभर खासगी डीटीएच आलंच होतं. साठ सेंटीमीटरची पत्र्याची डिश, महिन्याचं भाडं नाही, आणि चित्र काचेसारखं लख्ख. पण या लख्खपणाने इशारा देणं बंद केलं. डिजिटल चित्र एकतर पूर्ण स्वच्छ असतं, नाहीतर चौकोन चौकोन होऊन गोठतं आणि मग निळा पडदा. मधली पायरी जवळजवळ नाहीच. स्वच्छ चित्र आणि कोरा पडदा यांच्यात एका डेसिबलचंही अंतर नसतं. नदीकाठची दरड वरून सपाट दिसते, पाऊल नेमकं कुठे चुकेल ते दिसत नाही. अशा दरडीवर उभं राहून ‘इथे सपाट आहे’ म्हणण्यात अर्थ नसतो, काठ किती अंतरावर आहे ते मोजावं लागतं. क्वालिटीची पट्टी ते अंतर मोजते.

आता ती नेमकं काय मोजते ते पाहू. उपग्रह आपल्यापासून साडेछत्तीस हजार किलोमीटरवर. तिथून निघालेली लहर घोडनदीच्या किंवा भीमेच्या काठावर पोचेपर्यंत इतकी पसरते की तिचा क्षय दोनशे डेसिबलच्याही वर जातो. डेसिबलचा हिशेब असा : तीन डेसिबल म्हणजे दुप्पट किंवा निम्मं, दहा डेसिबल म्हणजे दहापट. दोनशे डेसिबल म्हणजे एकावर वीस शून्यं इतक्या पटीने घट. जे उरतं ते डिश गोळा करते आणि समोरच्या दांडीवर बसवलेल्या एलएनबीच्या तोंडाशी नेऊन सोडते. एलएनबी ते वाढवते आणि खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणते. उदाहरणार्थ, फ्री डिशचा ११०९० मेगाहर्ट्झचा ट्रान्सपाँडर घ्या. एलएनबी त्यातून आपले ९७५० वजा करते आणि १३४० मेगाहर्ट्झचा सिग्नल केबलमधून खाली धाडते. पण जे वाढतं त्यात नुसता सिग्नल नसतो. आकाशाचा गोंगाट असतो, जमिनीच्या उष्णतेचा असतो, एलएनबीचा स्वतःचाही असतो. स्ट्रेन्थची पट्टी हे सगळं एकत्र मोजते. आत काय आहे ते तिला ठाऊक नसतं.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर एक प्रयोग करा. बाजारात मिळणारा काट्याचा सॅटफाइंडर एलएनबीच्या वायरीत जोडा, डिश रिकाम्या आभाळाकडे फिरवा आणि एलएनबीच्या तोंडासमोर तळहात धरा. काटा वर चढतो. तळहातातून कोणतीही वाहिनी येत नसते, पण अंगाची ऊब हाही गोंगाटच, आणि थंड आभाळापेक्षा तो कितीतरी जास्त. डिश चुकून शेजारच्या तापलेल्या भिंतीकडे वळली तरी काटा हेच करतो. काटा वर गेला म्हणून नट आवळणाऱ्या फिटरने खरं तर भिंत शोधून काढलेली असते.

क्वालिटी मोजायची रीत वेगळी आहे. उपग्रहावरून येणारे बिट पाठवण्याआधीच त्यांच्यात जादा बिट मिसळलेले असतात, चुका ओळखून दुरुस्त करता याव्यात म्हणून. बॉक्समध्ये दुरुस्तीच्या दोन पायऱ्या असतात. पहिली पायरी ओलांडल्यावर दहा हजार बिटांत दोनपेक्षा कमी चुका उरल्या, तर दुसरी पायरी त्या जवळपास सगळ्या पुसून टाकते. तिला २०४ बाइटच्या प्रत्येक पुडक्यातले आठ बाइट सुधारता येतात. चुका यापेक्षा वाढल्या की दुरुस्ती कोलमडते आणि चित्र फुटतं. साध्या डीव्हीबी-एस पद्धतीत, तीन-चतुर्थांशच्या एफईसीला (म्हणजे जादा बिटांच्या त्या प्रमाणाला), ही सीमा सिग्नल गोंगाटापेक्षा साधारण सात डेसिबल वर असताना येते, म्हणजे सिग्नल गोंगाटाच्या पाचपट असताना. म्हणून मला क्वालिटीच्या पट्टीबद्दल आदर आहे. ती ओळखीचा, अर्थ लागणारा सिग्नल आला तरच हलते. तळहाताला, भिंतीला किंवा भलत्या उपग्रहाला ती दाद देत नाही.

इथे उत्तरेकडे पाहण्याचा मोह आवरत नाही. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात उभी राहिलेली मीटरलहरींची महाकाय दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस डिशची. तिथल्या डिश पत्र्याच्या नाहीत, ताणलेल्या पोलादी तारांच्या जाळीच्या आहेत. दूरच्या आकाशगंगेतून जे येतं ते मूळचंच गोंगाटासारखं असतं, त्यात कुणी दुरुस्तीचे बिट घालून पाठवलेले नसतात. त्यामुळे खोडदच्या शास्त्रज्ञांना गोंगाटाच्या जोरातूनच, डिशच्या जोड्या जुळवून, विश्वाचा अर्थ काढावा लागतो. आपल्या गच्चीवरच्या डिशचं नशीब वेगळं. तिच्याकडे येणारा निरोप आपण नीट पोचलो की नाही हे स्वतःच सांगतो. ही सोय हाताशी असताना ती न वापरणं मला खटकतं.

त्याच तालुक्यात आर्वी आहे. १९७१ साली परदेशी दळणवळणासाठी देशातलं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र तिथे सुरू झालं. विक्रम साराभाईंच्या नावाने ते ओळखलं जातं. तिथली डिश जवळपास तीस मीटरची. डिश जितकी मोठी तितकी तिची नजर अरुंद, त्यामुळे तिची नजर अंशाच्या पाचव्या हिश्श्याहूनही अरुंद होती. उपग्रह आपल्या जागी किंचित डुलत असतो, म्हणून एवढ्या मोठ्या डिशला सिग्नल सतत मोजत मोटरींनी स्वतःला सावरत राहावं लागतं. आपली साठ सेंटीमीटरची डिश त्या मानाने ढोबळ. तिची नजर साधारण तीन अंशांची. एकदा लावली की मोटर लागत नाही, म्हणून तर ती गरिबाच्या घरी पोचली. पण एकदाच लावायची असल्यामुळे ती पहिल्याच वेळी नीट लावायला हवी.

आता आकडे. शिरूर साधारण १८.८ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७४.४ अंश पूर्व रेखांशावर आहे. त्यामुळे ७४ अंशांवरचा उपग्रह (२००७ साली सोडलेला इन्सॅट-४सीआर तिथेच होता) इथून जवळजवळ नेमका दक्षिणेला, ६८ अंश उंचीवर येतो. आपल्या आकाशातल्या उपग्रहांच्या कमानीचा तो माथा. तिथून पूर्वेकडे जावं तशी कमान उतरते. ८३ अंशांवरच्या उपग्रहासाठी डिश उत्तरेपासून १५५ अंशांवर वळते आणि ६६ अंश उचलते. फ्री डिशचा जीसॅट-१५ हा ९३.५ अंशांवर. त्यासाठी दिशा १३३ अंश, उंची ५९ अंश. दौंड सरळ रेषेत सुमारे ४५ किलोमीटर आग्नेयेला. तिथे उंची जेमतेम अर्ध्या अंशाने वाढते आणि दिशेत फरक जवळपास पडत नाही. बीडहून साखर कारखान्यांच्या हंगामाला येणारा माणूस तिकडची डिश ब्रॅकेटसकट घेऊन आला तरी त्याला उंचीत एक अंश आणि दिशेत अडीच अंश एवढाच बदल करायचा असतो. म्हणून कोपीवर डिश लवकर लागते. त्यात नशिबाचा भाग नाही, भूमितीचा आहे.

होकायंत्राबद्दल एक दिलासा. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक नगण्य आहे, त्यामुळे मोबाइलच्या होकायंत्राचा आकडा तसाच घेता येतो. फक्त तो पत्र्यावर किंवा लोखंडी पाइपाला टेकवून घेऊ नये. चार पावलं दूर जाऊन दिशा धरावी आणि समोरची एखादी खूण लक्षात ठेवावी, पाण्याची टाकी किंवा कळस.

दुसरी गोष्ट डिशच्या दिसण्याची. ही ऑफसेट डिश असते, तिची नजर तिच्या तोंडाच्या सरळ रेषेपेक्षा पंचवीसेक अंश वर असते. म्हणून ५९ अंशांकडे बघणारी डिश बघणाऱ्याला ३४ अंशांवरच कललेली वाटते, समोरच्या गच्चीकडे बघतेय असं वाटतं. त्यामुळे समोरचं घर आड येतंय म्हणून लोक उगाच डिश हलवतात, आणि खरोखर आड येणारं, जवळचं, डोक्यावर झुकलेलं लिंबाचं झाड मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. हिशेब सोपा आहे. झाड डिशपेक्षा दहा मीटर उंच असेल तर ते त्या दिशेला सहा मीटरहून लांब हवं. पावसाळ्यानंतर फांदी वाढते आणि ‘मागच्या महिन्यापर्यंत चांगलं चालत होतं’ ही तक्रार येते, ती यातूनच.

या दोन तालुक्यांत सर्वांत जास्त वेळ खाणारी अडचण मात्र झाडाची नाही, शेजारच्या उपग्रहाची आहे. ९३.५ अंशांच्या लगत ९५ अंशांवर डिश टीव्हीच्या सेवेचे उपग्रह आहेत. जमिनीवरून पाहताना या दोन जागांत पावणेदोन अंशांच्या आत-बाहेर अंतर येतं, आणि आपल्या डिशची नजर तीन अंशांची. म्हणजे एका नजरेत दोघे. काट्याचा फाइंडर दोन्हीकडे सारखाच वर चढतो, वाजतो, समाधान देतो. बॉक्सवर स्ट्रेन्थ ऐंशी दिसते आणि क्वालिटी शून्य. नवा मुलगा अशा वेळी केबल बदलतो, एलएनबी बदलतो, बॉक्सला दोष देतो. खरं तर डिश पावणेदोन अंशांनी पूर्वेला गेलेली असते, एवढंच. आणि फसवणुकीचा खरा प्रकार याच्याही अलीकडचा आहे. डिश दोघांच्या मधोमध थांबली, तर ९३.५ चं चित्र येतंही, कारण क्वालिटी सीमेच्या वर जेमतेम पोचलेली असते. घरातून आवाज येतो, ‘दादा, आलं चित्र, राहू द्या आता.’ आणि नट आवळले जातात.

दूरदर्शनची फ्री डिश सेवाही आधी ९५ अंशांवरच्या एनएसएस-६ वर होती आणि पुढे ९३.५ च्या इन्सॅट-४बी वर गेली, हे लक्षात घेतलं तर जुन्या डिशपैकी काही अजून थोड्या पूर्वेकडे का वळलेल्या आढळतात ते कळतं. जुलै २०१० मध्ये त्याच इन्सॅट-४बी च्या वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि निम्मे ट्रान्सपाँडर बंद करावे लागले. सन डायरेक्टला आपली सेवा ९१.५ अंशांच्या मीसॅट-३ वर न्यावी लागली. आकाशात दोन अंशांची हालचाल, आणि जमिनीवर घरोघरच्या गच्च्या चढण्याचं काम.

आता पाऊस. शिरूर आणि दौंड हे पर्जन्यछायेतले तालुके, वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. कोकणातल्या फिटरला वाटेल, इथे काय अडचण? पण केयू बँडला, म्हणजे डिशकडे येणाऱ्या या लहरींना, वर्षाचा एकूण पाऊस त्रास देत नाही, एका क्षणाला डिशच्या वाटेत किती पाणी आहे ते त्रास देतं. आपल्याकडे श्रावणातली भुरभुर चित्राला धक्काही लावत नाही. खरा तडाखा मेमधल्या वळवाचा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या परतीच्या पावसाचा. दुपारी तापतं, आभाळ भरून येतं आणि संध्याकाळी वीस मिनिटं धो धो कोसळतं. त्या वीस मिनिटांत काही डेसिबल गिळले जातात. ज्याच्या डिशला सीमेच्या वर चार-पाच डेसिबल शिल्लक आहेत त्याचं चित्र टिकतं किंवा दोन मिनिटं जाऊन परत येतं. ज्याला अर्धाच डेसिबल शिल्लक आहे त्याचं चित्र ढग दिसताच जातं. वळवात याशिवाय वारा असतो, तो डिशला धक्का देतो. डिशची कड अर्धा सेंटीमीटर सरकली की नजर एक अंशाने फिरते. नेमक्या मध्यावर लावलेल्या डिशला एक अंशाची चूक सव्वा डेसिबलला पडते, ती झेपते. आधीच दीड अंश चुकलेल्या डिशला तोच धक्का आणखी पाच डेसिबल घेऊन जातो, कारण उतार मध्यापासून दूर जावं तसा तीव्र होत जातो. गावात एकाच वाऱ्यात काही डिश जातात आणि काही राहतात, त्याचं कारण बहुधा नटांच्या मजबुतीपेक्षा हे असतं.

मग डिश मध्यावर आहे हे ओळखायचं कसं? सगळ्यात जास्त क्वालिटी जिथे दिसते ती जागा शोधावी असं कुणीही सांगेल, पण माथा सपाट असतो. माथ्यावर अर्धा अंश इकडे-तिकडे झालं तर पट्टी हलतही नाही. म्हणून माथा शोधू नये, दोन्ही उतार शोधावेत. डिश डावीकडे सरकवत न्यावी, क्वालिटी ठरावीक आकड्यापर्यंत घसरली की पाइपावर पेन्सिलने खूण करावी. मग उजवीकडे न्यावी, तोच आकडा आला की दुसरी खूण. दोन खुणांच्या बरोबर मध्ये डिश आणावी. उंचीचंही तसंच, आणि एलएनबी तिच्या पकडीत फिरवतानाही तसंच. एलएनबी तिरकी राहिली की उभ्या आणि आडव्या लहरी एकमेकींत मिसळतात. स्ट्रेन्थ जराही कमी होत नाही आणि क्वालिटी निम्म्यावर येते. हे सगळं करताना घाई चालत नाही. बॉक्सला चुका मोजून आकडा दाखवायला एक-दोन सेकंद लागतात. डिश सतत फिरवत राहिलं तर पट्टी मागच्या जागेचा आकडा दाखवते आणि माणूस पुढच्या जागेवर पोचलेला असतो. किंचित हलवावं, थांबावं, आकडा ऐकावा, मग पुन्हा हलवावं.

याच खुणांतून, महागडं मीटर हाताशी नसतानाही, शिल्लक मोजता येते. डिशची कड टेपने मोजून डाव्या बाजूला किती सेंटीमीटर ढकलल्यावर चित्र फुटतं आणि उजव्या बाजूला किती, ते पाहावं. साठ सेंटीमीटरच्या डिशला दोन्हीकडे एकेक सेंटीमीटर गेल्यावरही चित्र टिकत असेल तर साडेचार डेसिबलच्या आसपास शिल्लक आहे असं समजावं. अर्ध्या सेंटीमीटरवरच फुटत असेल तर शिल्लक सव्वा डेसिबलची, आणि ती डिश सप्टेंबर काढणार नाही. अशा घरी नव्वद सेंटीमीटरची डिश लावली तर साडेतीन डेसिबल मिळतात. पण त्याआधी केबलचे जॉइंट पाहावेत. एफ-कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी जितकं नुकसान करतं तितकं आकाशातला पाऊसही करत नाही. चांगलं डिजिटल मीटर असेल तर सिग्नल आणि गोंगाटाचं गुणोत्तर थेट डेसिबलमध्ये मिळतं आणि काम झटकन होतं. बँका, एटीएम आणि पेट्रोल पंपांवरच्या व्हीसॅटला तर त्याशिवाय गत्यंतर नाही. ती डिश ऐकते तशी बोलतेही, आणि चुकीच्या कोनातून बोलली तर दुसऱ्यांच्या सेवेत घुसते. म्हणून तिथे मुख्य केंद्राकडून तपासणी झाल्याखेरीज काम पुरं मानत नाहीत.

पाइपाबद्दल एकच वाक्य लिहितो, पण ते ठळक अक्षरात वाचावं. पाइप ओळंब्यात नसेल तर वरचे सगळे अंश खोटे ठरतात.

या पुस्तिकेत एक प्रकरण सूर्यावर आहे, आणि ते लिहिताना मला सर्वांत जास्त आनंद झाला. वर्षातून दोनदा, मार्चच्या १२ तारखेच्या आणि ऑक्टोबरच्या १ तारखेच्या आसपास, सकाळी अकराच्या सुमारास सूर्य आपल्या आकाशात जीसॅट-१५ च्या नेमक्या मागे येतो. मार्चमध्ये अकरा वाजून दहा-पंधरा मिनिटांनी, ऑक्टोबरात अकराला थोडा वेळ कमी असताना. त्या दिवसांत काही मिनिटं क्वालिटी घसरते, कधी चित्रही तुटतं, आणि ग्राहक फोन करतात. पण त्याच क्षणी मेन्यू उघडून पाहा. स्ट्रेन्थ वाढलेली असते आणि क्वालिटी उतरलेली असते. सूर्याचा गोंगाट पडल्यामुळे एकूण जोर वाढला आणि ओळखीचा सिग्नल त्यात बुडाला. दोन पट्ट्यांमधला फरक शिकवणारा यापेक्षा चांगला मास्तर नाही. त्या क्षणी कसलीही दुरुस्ती करू नये. मात्र नवी जागा निवडायची असेल तर तोच मुहूर्त. ज्या ठिकाणी त्या वेळी डिशच्या तोंडावर पूर्ण ऊन पडतं, तिथून उपग्रहाकडची वाट मोकळी आहे. पानाची सावली पडली तर नाही.

टक्क्यांबद्दल सावध करायला हवं. बॉक्सवरचे साठ, सत्तर, नव्वद हे आकडे प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने बसवलेले असतात. एका बॉक्सवरचे साठ दुसऱ्यावर पंच्याऐंशी दिसू शकतात, आणि दोन्ही वेळा आकाशातून आलेला सिग्नल तोच असतो. म्हणून ‘आमच्या घरी नव्वद आहे, तुमच्याकडे का नाही’ या वादाला आधार नाही. तुलना करायची ती त्याच बॉक्सवर, त्याच ट्रान्सपाँडरवर, आज आणि सहा महिन्यांनी. त्यासाठी आकडा कुठेतरी लिहिलेला हवा.

लिहून ठेवण्याची सवय आपल्या तालुक्याला परकी नाही. पाबळला १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला, तो शिरूर तालुक्यातच. शाळेत नापास ठरलेली मुलं तिथे वेल्डिंग, वायरिंग, विहिरीच्या जागेसाठी जमिनीची विद्युत तपासणी, शेती हे सगळं हातांनी करत शिकली, आणि केलेलं मोजून वहीत उतरवत गेली. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या संस्थेबाहेर ज्या पहिल्या-पहिल्या फॅब लॅब उभ्या केल्या, त्यांतली एक पाबळला आली. डिश लावण्याचं काम त्या परंपरेत बसणारं आहे. त्यात भूमिती आहे, रेडिओ आहे, गणित आहे, आणि ते शिकायला गच्ची, पान्हा आणि एक जुना बॉक्स पुरतो. डिशवाल्याचं काम हलकं समजलं जातं, याचा मला राग येतो. जो मुलगा ५९ अंश, १३३ अंश आणि दहा हजारांत दोन चुका यांचा अर्थ समजून नट आवळतो, तो तंत्रज्ञ आहे आणि त्याला तसंच वागवलं गेलं पाहिजे, मजुरीतही.

पुढच्या प्रकरणांचा क्रम वापरणाऱ्याच्या सोयीचा ठेवला आहे. ज्यांना आजच एक डिश लावायची आहे त्यांनी तिसऱ्या प्रकरणापासून, ओळंब्यापासून, सुरुवात करावी. गणित मागाहून वाचलं तरी चालेल. गावोगावचे अंश शेवटच्या तक्त्यात आहेत, घोडनदीपासून पाटसपर्यंत. तक्त्याच्या उजव्या बाजूला चार रकाने मुद्दाम कोरे ठेवले आहेत : तारीख, बॉक्सचं नाव, निरभ्र आकाशात आलेली क्वालिटी, आणि डाव्या-उजव्या बाजूचे सेंटीमीटर. याच चार नोंदी डिशच्या पाठीवर ऑइलपेंटनेही लिहावेत, म्हणजे पुढच्या वेळी वर चढणारा दुसरा कुणी असला तरी त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.